डोंगरात दुसऱ्याचं रान कसता? अनुदानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळशी, मावळ, वेल्हे (आताचा राजगड), भोर आणि जुन्नर-आंबेगाव-खेडचा पश्चिम पट्टा. पुणे जिल्ह्याच्या या डोंगरी भागात दुसऱ्याच्या नावावरचं रान कसणारं घर नाही असं गाव सापडणं अवघड. कोणी अर्धलीने (निम्म्या पिकाच्या वाट्यावर) करतं, कोणी खंडाने (ठरलेल्या भाड्याने), कोणी नुसतं "पडीक नको राहायला" एवढ्या शब्दावर. माती-पाणी राखणाऱ्या योजना (फळबाग, ठिबक, बांधबंदिस्ती, शेततळं, सेंद्रिय आणि नैसर्गिक शेती) याच भागाला सगळ्यात जास्त लागतात. पण त्यांचे अर्ज भरायला बसलं की पहिल्याच रकान्यात गाडी अडते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. योजनांच्या अटी शासन निर्णयांनी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू वर्षाच्या अटी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) बघून घ्या.

माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. महाडीबीटीवर (राज्याच्या अनुदान-अर्जांच्या पोर्टलवर) अर्ज करता येईल का?

स्वतःच्या नावाने बहुतेक योजनांत नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे आणि तो जमिनीच्या खात्याला जोडलेला असतो. खातं नाही, तर क्रमांक नाही. क्रमांक नाही, तर अर्ज पुढे सरकत नाही. त्याआधीही सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) लागतच होता, म्हणजे दार नव्याने बंद झालेलं नाही, फक्त आता त्याला संगणकाचं कुलूप लागलं. अनुदान उताऱ्याच्या मागे चालतं, नांगर धरणाऱ्याच्या मागे नाही, हे एकदा मान्य केलं की कुठे वाट आहे ते शोधता येतं.

मी अर्धलीने भात करतो. कायद्याने मी कुळ ठरतो का?

ठरू शकता, आणि सगळा घोळ तिथेच आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कुळ मानला जातो. तो मालकाच्या घरातला, पगारी गडी किंवा ताबा असलेला गहाणदार असेल तरच अपवाद. मालक म्हणतो, "हा माझा मजूर आहे, मीच कसतो." पण याच कायद्यात 'जातीने कसणे' याची व्याख्या दिली आहे. तिच्यात मजुरी रोख किंवा वस्तूत चालते, पिकाच्या वाट्यात चालत नाही. म्हणजे निम्मं भात घेणारा अर्धलीवाला नुसता मजूर आहे, हे म्हणणं कागदावर टिकायला कठीण.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. त्यानंतर लागलेल्या कुळालाही, जमीन कसायला घेतल्यापासून वर्षाच्या आत मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवून ती विकत मागण्याचा हक्क कलम ३२-ओ ने दिला आहे. ज्यांच्या आजोबांची जमीन १९५७ ला गेली, त्या घरांत हे आजही कोणी विसरलेलं नाही.

भर म्हणजे खंडाची कमाल मर्यादाही कायद्यातच आहे: आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. आज कोणी एकरी वीस रुपयांनी रान देणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे खरा खंड लिहिला की मालक अडचणीत आणि खोटा लिहिला की दोघेही. कसणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून केलेल्या तरतुदींनी त्यालाच कागदाबाहेर ढकललं, हे माझं स्पष्ट मत आहे. तरी कुळ लावण्याची धमकी देऊन मालकाला वाकवायला जाऊ नका. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि रान पुढच्या जूनलाच जातं.

अकरा महिन्यांचा करार केला तर भागेल ना?

नाही. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षानुवर्षं चालणारा पट्टा (भाडेकरार) १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. ते टाळायला लोक अकरा महिने लिहितात. पण ज्या योजना भाडेकरार मानतात, त्यांना मोठी मुदत हवी असते, नाहीतर नोंदणी तरी. अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद दोन्हीत बसत नाही.

मग सात वर्षांचा नोंदणीकृत करार झाला तर काय मिळतं?

ठिबक आणि तुषार. 'थेंबात जास्त पीक' योजनेच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत, अर्जाच्या तारखेपासून किमान सात वर्षांचा करार असलेल्या भाड्याच्या जमिनीलाही मदत धरलेली आहे. अल्प आणि अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, आणि वर राज्याचं पूरक अनुदान मिळून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत, पाच हेक्टरच्या मर्यादेत. केंद्राच्या सूचनेत जागा असली तरी पोर्टलवर अर्ज पुढे जाईलच असं धरून चालू नका. करार नोंदवण्यावर पैसे घालण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याला भेटा आणि उत्तर लेखी मागा.

जुन्नरकडच्या टोमॅटोवाल्याला याचा उपयोग आहे. मुळशीतल्या चार महिने पाण्यात उभ्या राहणाऱ्या भातखाचराला ठिबक लावून काय करणार? डोंगरी पट्ट्याला जे लागतं तेच नेमकं या यादीत नाही.

पीकविमाही नोंदणीकृत भाडेकरारावर काढता येतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत कुळं आणि वाट्याने कसणारे २०१६ पासून पात्र आहेत. राज्यात मात्र दुसऱ्याच्या रानावर बोगस विमे निघाल्याची प्रकरणं गाजली आणि नोंदणीकृत कराराची अट घट्ट झाली. बोगसवाल्यांनी पैसे नेले, फटका बसला तोंडी बोलीवर खरोखर कसणाऱ्याला.

मालक अर्ज करायला तयार आहे, पण पैसे त्याच्या खात्यात जाणार. मग माझं काय?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना घेऊ. २०१८-१९ पासून सुरू आहे. आपल्याकडे किमान २० गुंठे, कमाल ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हप्ता झाडं किती जगली यावर ठरतो. समजा वरच्या वरकस (उताराच्या, हलक्या) तुकड्यात वीस गुंठ्यांवर आंबा लावायचा. दहा बाय दहा मीटरवर वीस कलमं बसतात. मे महिन्यात मुरमात पहार मारून मीटरभर खोल खड्डे काढायचे. पाऊस लागला की पालापाचोळा, शेणखत आणि खालच्या खाचरातली माती भरून कलमं लावायची. पावसाळाभर पाणी धो-धो, आणि डिसेंबर उजाडला की त्याच उतारावर कळशीने पाणी चढवायचं. मार्चमध्ये गवत वाळलं की वणव्याची धास्ती, म्हणून आधीच जाळरेषा काढायची. रानडुकरं बुंधे उकरतात, वानरं शेंडे मोडतात. ही सगळी मेहनत कसणाऱ्याची. कागदावर मात्र लाभार्थी मालक, आणि तिन्ही हप्ते त्याच्या आधार जोडलेल्या खात्यात.

तिसऱ्या वर्षी मालकाचा मुलगा येऊन "आता आम्हीच बघतो" म्हणाला, तर? कुळवहिवाट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कुळाने लावलेल्या झाडांचं उत्पन्न आणि लाकूड वहिवाट असेपर्यंत कुळाचं, आणि वहिवाट संपली की झाडांची भरपाई. पण आधी तुम्ही कुळ आहात हे सिद्ध झालं पाहिजे, आणि बोली तोंडी होती.

म्हणून खड्डे काढायच्या आधी कागद करा. कलमं कोण आणणार, हप्ता जमा झाल्यावर किती दिवसांत किती रक्कम कसणाऱ्याच्या खात्यात वळती करायची, फळांचा वाटा किती, आणि रान लवकर काढून घेतलं तर झाडामागे भरपाई किती, एवढं त्यात आलंच पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून स्टॅम्प किमान ५०० रुपयांचा झाला आहे. दोन साक्षीदार घ्या, त्यांतला एक गावातला, शक्यतो पोलीस पाटील. पैसे रोख घेऊ नका, खात्यावरच घ्या. असा साधा कागद अनुदान मिळवून देत नाही, पण वाद पेटला तर काय ठरलं होतं ते तरी दिसतं.

मालक या कागदाला घाबरला तर त्याची भीती अगदीच खोटी नाही, कारण त्यातून तुमचं कसणं सिद्ध होतं. अशा वेळी माझा सल्ला सरळ आहे: झाडं लावू नका. ज्याची फळं पाचव्या-सहाव्या वर्षी यायची, ते काम एका पावसाळ्याच्या बोलीवर करायचं नसतं. एका हंगामात पैसे आणि कष्ट वसूल होतील एवढंच करा. चारसूत्री भात हे त्याचं चांगलं उदाहरण: भाताच्या तुसाची राख, गिरीपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या). गिरीपुष्प बांधावर फांदी खोचून येतं, त्याला कोणाचा उतारा लागत नाही.

फळबागेच्या अटींत "कुळाची संमती" असं लिहिलंय. म्हणजे मलाही विचारावं लागेल?

सातबाऱ्यावर कुळ म्हणून तुमचं नाव असेल, तरच. मालकाला अशा जमिनीवर योजना घ्यायची तर कुळाचं संमतीपत्र जोडावं लागतं. नाव असेल तर संमती देताना घाई करू नका, वर सांगितलेला कागद त्याच वेळी करून घ्या. तुमच्या सहीला किंमत आहे असे प्रसंग फार येत नाहीत. तोंडी कसणाऱ्याला ही अट लागू नाही.

सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, मी त्यांतल्या चुलत्यांचा वाटाही कसतो. मी खंडकरी की मालक?

तुमचंही नाव त्यात असेल तर तुम्ही सहहिस्सेदार, आणि तुमची अडचण बरीच सोपी आहे. डोंगरी गावांत स्वतःला "दुसऱ्याचं करतो" म्हणणारे निम्मे लोक खरं तर भाऊबंदांचं करत असतात. सामाईक खात्यावर इतरांच्या संमतीपत्रानिशी अर्ज करता येतो. डोकेदुखी आहे ती सह्या गोळा करण्याची: एक चुलता परळला, आत्या कर्जतला, मयत आजीची वारसनोंदच नाही. आधी वारसनोंद करून घ्या. गावी सगळे येतात ते जत्रेला किंवा गणपतीत, तेव्हा संमतीपत्रं तयार ठेवा. वाटप शक्य असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून वेगळे सातबारे होतात. सगळे राजी असतील तर यात फार खर्च नाही.

ई-पीक पाहणी कोणी करायची? मालक तर पुण्यात राहतो.

पाहणी खातेदाराच्या नावावर होते, पण फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. त्यामुळे होतं असं की भाताच्या बांधावर फोन धरून उभा कसणारा, आणि मालक कोथरूडमधून ओटीपी सांगतो. रेंज फक्त वरच्या सड्यावर. तरीही ही पाहणी करून घ्या. पिकाची नोंद नसली तर अतिवृष्टीची मदत, विमा, हमीभावाची खरेदी, सगळंच अडतं. मदत आली तरी ती मालकाच्या खात्यात येईल, म्हणून तिची वाटणीही आधीच ठरवा. लावणीला ठरलेलं झोडणीला लक्षात राहतं; नुकसान झाल्यावर ठरवायला गेलात तर नाही.

दुसराच माणूस कसतो असं दिसलं तर तलाठ्याने (आताचे ग्राम महसूल अधिकारी) नमुना १४ मध्ये नोंद घेऊन तहसीलदारांकडे पाठवायचं, असा नियम आहे. प्रत्यक्षात तो नमुना किती ठिकाणी कोरा असतो, ते कोणत्याही चावडीत विचारून बघा.

हेच रान आमच्या वडिलांनी विकलं, आता पुण्याच्या मालकाचं आम्ही सांभाळतो. आम्हाला काही मिळेल?

मुळशी-मावळात हे घरोघरी आहे. कुंपण मालकाचं, आत भात जुन्या मालकाच्या पोराचं. पैसे किंवा वाटा कोणी मागत नाही, फक्त "राखण करा" म्हणतात. अशा मालकाला अनुदानात रस नसतो, पण त्याला जमीन हिरवी राहायला हवी असते. तेवढ्या धाग्यावर बोलणी करा. बांधांची डागडुजी, समतल चर, बांबू अशी कामं त्याच्या नावाने मंजूर करून घ्यायची आणि मजुरी तुम्ही घ्यायची, हा व्यवहार अनेकांना पटतो. इथे तुम्ही अनुदानाचे नाही, मजुरीचे हक्कदार आहात, हे डोक्यात पक्कं असू द्या.

रोजगार हमीत तरी खंडकऱ्याचा विचार होता का?

कागदावर होता. २००५ च्या कायद्यात वैयक्तिक कामांसाठी अल्पभूधारकाची जी व्याख्या घेतली, ती २००८ च्या कर्जमाफी योजनेतली. तीत मालक, कुळ किंवा वाटेकरी म्हणून कसणारा, असे तिघेही आहेत. काम मंजूर होताना मात्र मागितला जायचा तो सातबाराच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा भातखाचर दुरुस्तीसारखं काम आता कोणत्या यादीत आहे ते ग्रामपंचायतीत रोजगार सेवकाला विचारा.

सेंद्रिय किंवा नैसर्गिक शेतीच्या गटात शिरता येईल का?

शिरा, पण हिशेब समजून. परंपरागत कृषी विकास योजनेत सुधारित सूचनांप्रमाणे हेक्टरी तीन वर्षांत ३१,५०० रुपये आहेत, त्यांतले १५,००० थेट शेतकऱ्याला. उरलेले गट, प्रमाणीकरण, विक्रीव्यवस्थेवर जातात. यादीत जमिनीचा गट क्रमांक आणि क्षेत्र लागतं, म्हणजे पुन्हा मालकाचीच जमीन. शिवाय प्रमाणपत्र रानाला मिळतं. दोन-तीन वर्षं रासायनिक खत न घालता तुम्ही माती तयार केली आणि मालकाने रान दुसऱ्याला दिलं, की तुम्हाला नव्या रानात शून्यापासून सुरुवात. शेतीशाळेत बसायला मात्र उतारा लागत नाही. इंद्रायणी आणि आंबेमोहोराला चांगला भाव देणारं गिऱ्हाईक एकदा जोडलं गेलं की ते तुमच्याबरोबर येतं, रानाबरोबर राहत नाही. गटात शिरण्याचं खरं कारण हे.

मालक आदिवासी आहे. वेगळा नियम आहे का?

आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पट्ट्याने द्यायलाही महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला कागद तुमच्यावरच उलटेल.

वनपट्टा, देवस्थान, गाळपेर?

वनहक्काचा पट्टा (२००६ चा कायदा) वारसाने जातो, पण हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे पट्टाधारक स्वतः योजना मागू शकतो. त्याच्याकडून खंडाने घेणाऱ्याला काहीच मिळत नाही.

देवस्थानच्या जमिनीवर कुळाचं नाव बऱ्याचदा उताऱ्यावर असतं. न्यासाने कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८८-ब ची सूट घेतलेली असेल तर ती जमीन विकत मागता येत नाही, पण नाव आहे त्याचा अर्जाला उपयोग होतो. न्यासाचं संमतीपत्र लागेल.

धरणाचं पाणी ओसरल्यावरची गाळपेर जमीन थोड्या मुदतीने मिळते. तिच्यावर चारा करा, भाजी करा, पण कायमस्वरूपी कामाचं अनुदान मागू नका.

पीएम किसान?

नाही. ती योजना जमीनधारक कुटुंबांसाठीच आहे.

बँक तरी दारात उभं करते का?

नियमाने करायला हवं. किसान क्रेडिट कार्डाच्या सूचनांत तोंडी पट्ट्याने कसणारे आणि वाटेकरी असे दोघेही नाव घेऊन पात्र ठरवले आहेत. एकट्याने गेलात तर तारण मागतील. चार-पाच जणांचा संयुक्त देयता गट (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारा) करून गेलात तर बोलणं पुढे जातं. गंमत बघा, कर्ज द्यायला सरकार तोंडी बोली मानतं, अनुदान द्यायला मानत नाही.

दुसरीकडे कुठे कसणाऱ्याला मिळतं का?

प्रयत्न झाले आहेत. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कसणाऱ्यांना ओळखपत्रं दिली आणि २०१९ मध्ये नवा कायदा करून अकरा महिन्यांची कार्डं आणली. पण त्यावर मालकाची सही लागते, आणि घोडं पुन्हा तिथेच अडलं. ओडिशाच्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन धरले होते. नीती आयोगाने २०१६ मध्ये नमुना भाडेपट्टा कायदा मांडला: मालकाची मालकी पक्की, कसणाऱ्याला मुदतीपुरतं कर्ज, विमा आणि मदत.

इंग्लंडमध्ये पर्यावरणपूरक शेतीच्या तीन वर्षांच्या करारांत खंडकरी शेतकरी मालकाच्या संमतीशिवाय शिरू शकत होता, दरवर्षी नव्याने होणाऱ्या बोलीवरचाही. तिथल्या डोंगरी मेंढपाळांत खंडकरी खूप. २०२२ मध्ये खंडकऱ्यांवर सरकारने नेमलेल्या समितीचा अहवालही आला. मार्च २०२५ मध्ये पैसे संपल्याचं सांगून नवे अर्ज एकाएकी बंद केले, ही गोष्ट वेगळी. पण हंगामी मशागतीला कसणाऱ्याची सही पुरे आणि झाडं लावायला मालकाची संमती हवी, ही तिथली वाटणी मला शहाणपणाची वाटते. आपल्याकडे पालापाचोळ्याच्या खतालाही सातबारा आणि आंब्यालाही सातबारा.

एक जण म्हणतो, वीस हजार द्या, पीक पाहणीत तुमचं नाव लावून देतो. द्यावेत का?

देऊ नका. पीक पाहणीच्या नोंदीने मालकी मिळत नाही, आणि कुळ ठरवण्याचा अधिकार तहसीलदारांचा आहे, कुळवहिवाट कायद्याच्या कलम ७०-ब प्रमाणे, दोन्ही बाजू ऐकून. पैसे देऊन लागलेली नोंद मालकाने अपील केलं की उडते आणि मालकाशी असलेला शब्दही जातो. तुमची वहिवाट खरी आणि जुनी असेल, तर खंडाच्या पावत्या, खत-बियाण्यांची बिलं, शेजारच्या बांधकऱ्यांचे जबाब आणि जुन्या पीक पाहणीचे उतारे गोळा करा, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत वकील मिळतो का ते विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं त्याला पात्र आहेत. जुने हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्जात गट नंबरासोबत जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर लिहा, नाहीतर "सापडत नाही" म्हणून परत पाठवतात.